जुन्या पत्त्यावरची मनीऑर्डर

8 ऑक्टोबर 2024 रोजी ईसेट या सुरक्षा कंपनीने फायरफॉक्स ब्राउझरमधला एक दोष तो बनवणाऱ्या मोझिलाला कळवला आणि साधारण 25 तासांत 131.0.2 ही दुरुस्त आवृत्ती बाहेर आली. एवढी घाई का? रॉमकॉम नावाची हॅकर टोळी तो दोष आधीपासूनच वापरत होती. तिने रचलेलं पान नुसतं उघडलं तरी पुरे, क्लिकचीही गरज नव्हती.

सुरक्षा दोषांच्या सार्वजनिक यादीत सीव्हीई-2024-9680 हा त्याचा क्रमांक. प्रकार ‘यूज आफ्टर फ्री’, म्हणजे सोडून दिलेली मेमरी पुन्हा वापरणं.

पानावरच्या प्रत्येक वस्तूसाठी ब्राउझर मेमरीचा तुकडा घेतो आणि त्याचा पत्ता, म्हणजे पॉइंटर, नोंदवतो. काम झालं की तुकडा परत. पण तोच पत्ता आणखी चार ठिकाणी टिपलेला असतो आणि त्या नोंदी खोडल्या का, हे ब्राउझर लिहायला वापरलेली सी++ भाषा बघत नाही. भाडेकरू खोली सोडून गेला, मनीऑर्डर मात्र तिथेच येत राहते आणि नवा भाडेकरू सही करून पैसे घेतो.

फायरफॉक्स अ‍ॅनिमेशनांच्या यादीवरून एकेक करत पुढे जात असताना पानावरचा जावास्क्रिप्ट कोड मध्येच चालवता येत होता. तो कोड अ‍ॅनिमेशनं रद्द करी. ब्राउझर जुनेच पत्ते धरून पुढे जाई.

अशा वेळी टॅब कोसळला तर नशीब समजायचं. वेगासाठी मेमरी वाटणारी यंत्रणा नुकताच रिकामा झालेला तुकडा बहुधा त्याच मापाच्या पुढच्या मागणीला देते. म्हणून हल्लेखोर नेमक्या त्या मापाच्या ढीगभर मागण्या करून त्यांत आपला मजकूर भरतो. सी++ मधल्या बऱ्याच वस्तूंच्या सुरुवातीला, 64-बिट संगणकावर 8 बाइटांत, त्यांच्या फंक्शनांच्या तक्त्याचा पत्ता असतो. तो बदलला की ब्राउझर हल्लेखोर म्हणेल तिकडे उडी मारतो.

तरी हल्लेखोर अजून सँडबॉक्सच्या, म्हणजे पानाच्या कोडला बाकी संगणकापासून वेगळं ठेवणाऱ्या, कुंपणातच असतो. ते ओलांडायला रॉमकॉमने विंडोजच्या टास्क शेड्युलरमधला (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या भागातला) दुसरा दोष जोडला होता. मायक्रोसॉफ्टने तो 12 नोव्हेंबरला बुजवला.

अशा दोषांवरचा नेहमीचा इलाज म्हणजे मोजणी ठेवणारे पॉइंटर: शेवटचा धरणारा हात सुटेपर्यंत तुकडा परत जात नाही. मोजणीला वेळ लागतो, म्हणून ती सरसकट वापरत नाहीत.

आणि अपडेट नुसतं उतरवून भागत नाही. ब्राउझर पूर्ण बंद करून उघडेपर्यंत जुनाच कोड चालतो, त्यामुळे टॅब जपायला महिनाभर ब्राउझर उघडा ठेवणाऱ्याकडे दोषही महिनाभर मुक्कामाला असतो.