धुतलेला फिल्टर आणि पहिलं पाणी

जलशुद्धीकरण केंद्रांवर वर्षानुवर्षं एक समज चालत आलाय: नुकताच बॅकवॉश केलेला, म्हणजे खालून उलटं पाणी सोडून धुतलेला, वाळूचा फिल्टर सगळ्यात स्वच्छ पाणी देतो. म्हणून काही ठिकाणी गरज नसतानाही रोज धुतात आणि व्हॉल्व्ह उघडून लगेच पाणी टाकीत सोडतात. हे चूक आहे.

वाळूचा कण साधारण अर्धा मिलिमीटर, म्हणजे ५०० मायक्रॉन. मधल्या फटीही जिवाणूच्या कितीतरी पट मोठ्या. म्हणजे वाळू पिठाच्या चाळणीसारखी गाळत नाही. तुरटीमुळे गाळाचे कण एकत्र येतात, वाळूला चिकटतात आणि ते चिकटलेले कणच पुढच्यांना धरतात. बॅकवॉशमध्ये हा थर निघून जातो, शिवाय धुण्याचं थोडं गढूळ पाणी आतच उरतं. त्यामुळे पहिली पंधरा-वीस मिनिटं, कधी जास्तही, गढूळपणा वाढतो. गढूळपणा मोजणाऱ्या टर्बिडिटी मीटरवर तो चढ स्पष्ट दिसतो. तेवढा वेळ पाणी वाया गेलं तरी चालेल, पण ते बाहेरच सोडायला हवं. तशी सोय नसेल तर फिल्टर हळूहळू, कमी वेगाने सुरू करावा.

क्लोरिन आहेच की, असं कोणी म्हणेल. पण क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी नेहमीच्या क्लोरिनला दाद देत नाही. १९९३ साली अमेरिकेतल्या मिलवॉकीत तो फिल्टरमधून निसटला आणि अंदाजे ४ लाख माणसं आजारी पडली.

मग धुवायचं कधी? फिल्टर तुंबत गेल्याने होणारी दाबातली घट ठरलेल्या मर्यादेला पोचली, किंवा फिल्टरमधून बाहेर येणाऱ्या पाण्याचा गढूळपणा चढू लागला, की. त्याआधी नाही.