लिव्हरचा कॅन्सर आणि रक्तातले ग्रोथ फॅक्टर

जळगाव-धुळ्याकडे सोनोग्राफीत लिव्हरवर गाठ दिसली की फाईलमध्ये एएफपीचा रिपोर्ट येतोच; एएफपी म्हणजे या कॅन्सरमध्ये रक्तात बहुधा वाढणारं एक प्रथिन. नातेवाईक तो आकडा तोंडपाठ करून नाशिक-मुंबई गाठतात. त्याच रक्तात ग्रोथ फॅक्टरही फिरत असतात, म्हणजे पेशींना वाढायला सांगणारी प्रथिनं. कॅन्सर म्हणजे बेसुमार वाढ, तेव्हा ही सगळी चढलेलीच असणार, असं कुणालाही वाटेल. पण त्यातलंच एक, आयजीएफ-१, बहुतेकदा उतरलेलं सापडतं.

कारण रक्तातलं बरंचसं आयजीएफ-१ लिव्हरच तयार करतं. हिपॅटायटिस बी किंवा सी, दारू, साचलेली चरबी यांनी लिव्हर वर्षानुवर्षं खराब होत जातं, सिरोसिस होतो, म्हणजे ते व्रणांनी भरून कडक होतं, आणि हा कॅन्सर बहुधा अशाच लिव्हरमध्ये होतो. म्हणजे हा आकडा गाठीपेक्षा उरलेल्या लिव्हरबद्दल जास्त सांगतो. उपचार सोसतील का, हे ठरवायला डॉक्टरांना तेच हवं असतं. लिव्हरची ताकद मोजण्याच्या चाइल्ड-पग पद्धतीत पोटातलं पाणी आणि मेंदूवरचा परिणाम हे दोन निकष डॉक्टरच्या अंदाजावर ठरतात. त्यांच्या जागी आयजीएफ-१ घ्यावं, असंही संशोधकांनी सुचवलं आहे. सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्याकडे, मात्र हा आकडा जपूनच वाचावा लागेल. पोटाला पुरेसं अन्न मिळालं नाही तरी आयजीएफ-१ घसरतं, लिव्हर ठणठणीत असलं तरीही.

व्हीईजीएफ या दुसऱ्या ग्रोथ फॅक्टरची गोष्ट उलटी. एक-दोन मिलिमीटरच्या पुढे वाढायचं तर गाठीला स्वतःच्या रक्तवाहिन्या लागतात, हे अमेरिकन सर्जन जुडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडलं. केळीच्या बागेतल्या ठिबकच्या लाईनला भोक पाडून कुणी आपली नळी जोडून घ्यावी, तसं गाठ व्हीईजीएफ सोडून शेजारच्या रक्तवाहिन्यांना नवे फाटे फोडायला लावते. रक्तात ते वाढलेलं असलं तर रोगाची वाटचाल सहसा वाईट असते.

पण मोजायचं कसं? व्हीईजीएफ प्लेटलेट्समध्येही साठलेलं असतं. ट्यूबमध्ये रक्त गोठलं की ते बाहेर पडतं, म्हणून सीरममधला (रक्त गोठल्यावर उरलेल्या पाण्यातला) आकडा प्लाझ्मापेक्षा (न गोठवता वेगळ्या केलेल्या पाण्यापेक्षा) मोठा येतो. त्यात सिरोसिसमध्ये प्लीहा वाढून प्लेटलेट्स घटतात, तो घोळ वेगळाच. दोन लॅबचे आकडे शेजारी ठेवून कोणी ‘वाढलं, उतरलं’ म्हणत असेल, तर आधी ट्यूब कुठली होती ते विचारावं.

एचजीएफ हे आणखी एक ग्रोथ फॅक्टरही चढतं, पण लिव्हरला कुठलीही इजा झाली तरी ते चढतं. निदानाला त्याचा फारसा उपयोग नाही.

औषधांनी मात्र व्हीईजीएफचाच माग धरला. लिव्हरच्या कॅन्सरसाठी २००७ मध्ये सोराफेनिब आलं, २०२० मध्ये अटेझोलिझुमॅबच्या जोडीनं बेव्हासिझुमॅब. रामुसिरुमॅब हे औषध व्हीईजीएफचा पेशीवरचा रिसेप्टर, म्हणजे ते जिथे चिकटतं ती जागा, अडवतं, पण ते कुणाला द्यायचं हे रक्तातल्या व्हीईजीएफवरून ठरत नाही. सोराफेनिब घेऊन झालेल्या ज्या पेशंटचं एएफपी ४०० किंवा त्याहून जास्त, त्यालाच ते मिळतं.