अर्ध्यावर असतानाच्या गप्पा: 'सध्या काय वाचताय?' या प्रश्नाची पार्श्वभूमी

७ जानेवारी १९१४ रोजी लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमधल्या किंग्ज हॉलमध्ये एक खुनाचा खटला चालला. न्यायाधीश होते लेखक जी. के. चेस्टरटन, ज्यूरीचे प्रमुख नाटककार जॉर्ज बर्नार्ड शॉ आणि आरोपीच्या पिंजऱ्यात जॉन जॅस्पर. हा जॅस्पर चार्ल्स डिकन्सच्या 'द मिस्टरी ऑफ एडविन ड्रूड' या कादंबरीतलं पात्र. कादंबरी बारा हप्त्यांत यायची होती. जून १८७० मध्ये डिकन्स वारले तेव्हा सहा हप्त्यांपुरताच मजकूर हाती होता. खून कोणी केला, मुळात झाला तरी का, हे ते सोबतच घेऊन गेले. चाळीसहून अधिक वर्षं वाचक त्यावर तर्क लढवत होते आणि शेवटी डिकन्स फेलोशिप या चाहत्यांच्या संस्थेने थेट खटलाच भरवला. ज्यूरीने सदोष मनुष्यवधाचा निकाल दिला. मग चेस्टरटननी स्वतःला सोडून हॉलमधल्या सगळ्यांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल दंड ठोठावला आणि कामकाज संपवलं.

विज्ञानकथा, अद्भुतकथा आणि थरारकथा वाचणारे दोघं भेटले की पहिल्या पाच मिनिटांत 'सध्या काय वाचताय?' हा प्रश्न येतोच. त्याचा इतिहास सांगताना मला हा खटला आधी आठवतो, कारण या प्रश्नात 'सध्या'ला फार वजन आहे. वाचून संपलेल्या पुस्तकाबद्दल मत देता येतं. अर्ध्यावर असलेल्या पुस्तकाबद्दल संशय सांगता येतो, पैज लावता येते, 'तो डॉक्टर मला पहिल्या प्रकरणापासून खटकतोय' असं म्हणता येतं. रहस्यकथेत खरी मजा तिथेच असते. विज्ञानकथेत किंवा अद्भुतकथेत वाचक मधल्या पानांवर असतो तेव्हा त्या जगाचे नियम अजून शिकत असतो, आणि शिकता शिकता कोणाशी तरी बोलावंसं वाटतं.

गंमत अशी, की एकोणिसाव्या शतकातल्या वाचकांना हा प्रश्न विचारायची गरजच पडत नसे. विल्की कॉलिन्सची 'द वुमन इन व्हाइट' नोव्हेंबर १८५९ पासून डिकन्सच्याच साप्ताहिकात क्रमशः आली. त्या आठवड्यात ती वाचणारा प्रत्येक जण एकाच पानावर थांबलेला असायचा. पुढे काय होईल हे कोणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे कोणाचा रसभंग करण्याची भीतीही नव्हती. पुढचा हप्ता हातात पडेपर्यंतचे दिवस म्हणजे गप्पांचे दिवस. आजच्या वाचकाला ही चैन क्वचितच मिळते.

विज्ञानकथेचा वाचक मात्र एकटा होता. एप्रिल १९२६ मध्ये ह्यूगो गर्न्सबॅक यांनी अमेरिकेत 'अमेझिंग स्टोरीज' हे फक्त विज्ञानकथांना वाहिलेलं पहिलं इंग्रजी मासिक सुरू केलं, तेव्हा त्याचे वाचक बहुतेक शाळा-कॉलेजातली मुलं आणि तरुण होते, गावोगाव विखुरलेले. घरच्यांना त्या भडक मुखपृष्ठांची लाज वाटायची. आपल्यासारखं वाचणारं दुसरं कोणी आहे का, हे कळायला मार्ग नव्हता. तो मार्ग मासिकाच्या शेवटच्या पानांवर निघाला. तिथे बारीक टायपात वाचकांची पत्रं छापली जायची आणि प्रत्येक पत्राखाली पाठवणाऱ्याचं नाव, घर क्रमांक, रस्ता, शहर, सगळं असायचं. कथेवरच्या मतापेक्षा मला ते पत्ते महत्त्वाचे वाटतात. संपादकाला लिहिलेलं पत्र वाचून एक वाचक दुसऱ्या वाचकाला परस्पर लिहू लागला. हळूहळू पत्रमैत्रीचं जाळं झालं, त्यातून मंडळं निघाली, आणि मे १९३० मध्ये अशाच एका पत्रव्यवहार मंडळाने 'द कॉमेट' नावाचं हौशी नियतकालिक काढलं. विज्ञानकथेच्या चाहत्यांचं पहिलं नियतकालिक म्हणून त्याचं नाव घेतलं जातं.

अद्भुत आणि भयकथांच्या बाजूला १९२३ पासून 'वियर्ड टेल्स' होतंच. त्याचे तीन गाजलेले लेखक म्हणजे एच. पी. लव्हक्राफ्ट, रॉबर्ट हॉवर्ड आणि क्लार्क ॲश्टन स्मिथ. लव्हक्राफ्ट बाकीच्या दोघांना वर्षानुवर्षं लांबलचक पत्रं लिहीत राहिले. लिहिणं, वाचणं, आवडनिवड, सगळं त्यात. पण दोघांपैकी एकाशीही त्यांची कधी प्रत्यक्ष भेट झाली नाही.

हौशी अंक काढायचे म्हणजे काय करावं लागे, ते जवळून बघण्यासारखं आहे. छापखाना परवडत नव्हता. मग जिलेटिनचा थर दिलेला एक पसरट ट्रे घ्यायचा. खास शाईने, बहुधा जांभळ्या, कागदावर मजकूर लिहायचा किंवा टाइप करायचा आणि तो कागद त्या थरावर पालथा दाबून ठेवायचा. शाई जिलेटिनमध्ये उतरते. मग एकेक कोरा कागद त्यावर ठेवायचा, हाताने सपाट करायचा, अलगद सोलून काढायचा. पहिल्या प्रती गडद, विसावी फिकट, पन्नाशीच्या आसपास अक्षर डोळे ताणून वाचावं लागे. म्हणजे जास्तीत जास्त पन्नासेक वाचक. बोटं मात्र पुढचे दोन दिवस जांभळी. पुढे सायक्लोस्टाइल आलं आणि प्रती शेकड्यांत निघू लागल्या. या अंकांना 'फॅनझिन' हा शब्द १९४० मध्ये रस शोव्हने या चाहत्याने दिला. लहानपणी त्याला ऐकू येणं बंद झालं होतं. बोलण्यापेक्षा लिहिण्यावर उभ्या असलेल्या या मित्रमंडळाला त्याने नाव द्यावं, हे मला फार योग्य वाटतं.

आजच्या 'सध्याचं वाचन' गप्पांचा सर्वांत जवळचा पूर्वज मात्र १९३७ सालचा आहे. डोनाल्ड वॉलहाइम यांच्या पुढाकाराने अमेरिकेत 'फॅन्टसी अमॅच्युअर प्रेस असोसिएशन' निघाली. पद्धत साधी होती. प्रत्येक सभासदाने आपली चार-सहा पानं स्वतः काढायची, सभासदांच्या संख्येइतक्या प्रती एका माणसाकडे पाठवायच्या, आणि त्याने सगळ्यांच्या पानांचे गठ्ठे बांधून प्रत्येकाला दर तीन महिन्यांनी एक पाठवायचा. गठ्ठ्यात तुझं वाचन, माझं वाचन, तिसऱ्याचे आक्षेप. पुढच्या गठ्ठ्यात त्या सगळ्यांवर एकेकाचं नाव घेऊन उत्तरं. संभाषणाचा एक फेरा पुरा व्हायला सहा महिने लागायचे आणि तरी लोक ते चिकाटीने करत. गर्न्सबॅकच्या मासिकाला पत्र लिहिलं तर काय छापायचं ते संपादक ठरवायचा. इथे मध्ये कोणीच नव्हतं.

भेटीगाठीही होत होत्या. जानेवारी १९३७ मध्ये इंग्लंडात लीड्सला चाहते जमले, आणि जुलै १९३९ मध्ये न्यूयॉर्कला पहिलं जागतिक संमेलन झालं. तिथे सहा जणांना दारातूनच परत पाठवण्यात आलं आणि त्यावरून झालेलं भांडण पुढे वर्षानुवर्षं चाललं. वाचनाच्या प्रेमाने जमलेले लोक एकमेकांना दार बंद करतात, याचं मला अजून वाईट वाटतं. त्याच काळातल्या लहान बैठका मला जास्त जवळच्या वाटतात. लॉस एंजेलिसचं विज्ञानकथा मंडळ १९३४ मध्ये निघालं, ते गुरुवारी भरायचं. युद्धानंतर लंडनमधले चाहते आणि लेखक व्हाइट हॉर्स नावाच्या पबमध्ये जमायचे, तेही गुरुवारी. आणि ऑक्सफर्डला सी. एस. लुईस यांच्या खोलीत टॉल्किन आपल्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या तेव्हा अपुऱ्या कादंबरीची प्रकरणं मित्रांना वाचून दाखवायचे, तोही बहुधा गुरुवारच. ऐकणाऱ्यांना पुढचं प्रकरण मिळणार नव्हतं, कारण ते अजून लिहिलंच गेलेलं नव्हतं.

थरारकथेच्या वाचकांना एकमेकांना शोधायची एवढी निकड नव्हती, कारण ते सगळीकडेच होते. त्यांच्या वाचनाची खूण पुस्तकाच्या रंगात होती. इटलीत मोन्दादोरी प्रकाशनाने १९२९ पासून रहस्यकथा पिवळ्या वेष्टनात काढल्या आणि आज तिथे रहस्यकथेलाच 'जॅल्लो', म्हणजे पिवळा, म्हणतात. १९३५ मध्ये पेंग्विनची पहिली दहा पुस्तकं आली, त्यातली दोन रहस्यकथांची होती, हिरव्या मुखपृष्ठाची. १९४५ मध्ये फ्रान्समध्ये गालिमारची काळी मालिका सुरू झाली. समोरच्या बाकावरच्या माणसाच्या हातात हिरवं पुस्तक दिसलं की तो काय वाचतोय हे विचारायच्या आधीच अर्धं कळत होतं. म्हणूनच असेल, रहस्यकथेच्या चाहत्यांची स्वतःची मासिकं आणि संमेलनं उशिरा आली. 'द आर्मचेअर डिटेक्टिव्ह' १९६७ मध्ये, आणि समीक्षक अँथनी बाउचर यांच्या नावाने भरणारं बाउचरकॉन १९७० मध्ये.

विज्ञानकथेत मोठा बदल घडला तो वितरणामुळे. १९५७ मध्ये अमेरिकन न्यूज कंपनी ही नियतकालिकांची बलाढ्य वितरक कंपनी बंद पडली आणि कितीतरी कथामासिकं तिच्यासोबत आटली. वाचक पेपरबॅककडे वळले. १९६५ मध्ये टॉल्किनच्या त्याच त्रिखंड कादंबरीच्या स्वस्त आवृत्त्या निघाल्या आणि अद्भुतकथेला विद्यार्थ्यांचा प्रचंड वाचकवर्ग मिळाला. पण त्यात एक गोष्ट हरवली. मासिक होतं तोवर महिन्याच्या महिन्याला सगळ्यांपुढे एकच अंक असायचा. पेपरबॅकच्या काळात प्रत्येकाच्या उशाशी वेगळं पुस्तक. माझ्या मते 'सध्या काय वाचताय?' हा प्रश्न आजच्या अर्थाने तेव्हाच खरा जन्मला. त्याआधी उत्तर ठाऊकच असायचं.

सोव्हिएत संघात हा प्रश्न दबक्या आवाजात विचारावा लागे. स्त्रुगात्स्की बंधू या विज्ञानकथाकारांची 'द अग्ली स्वान्स' ही कादंबरी तिथे छापायला मनाई झाली, आणि वाचकांनी ती कार्बन पेपर घालून टाइप केलेल्या प्रतींवर एकमेकांना पोहोचवली. पाचवी कार्बन प्रत हातात आलेल्याला अस्पष्ट अक्षरं संदर्भाने जुळवत वाचावी लागत.

संगणकांनी टपालाचे महिने मिनिटांवर आणले. १९७९ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशावर चालणाऱ्या आर्पानेट या संगणक-जाळ्यावर 'एसएफ-लव्हर्स' ही ई-मेलची टपालयादी सुरू झाली. संशोधनासाठी बांधलेल्या जाळ्यावर संशोधक विज्ञानकथांवर बोलू लागले, आणि लगेच एक जुनीच अडचण मोठी होऊन समोर आली. एकाचं पुस्तक संपलेलं, दुसऱ्याचं अर्ध्यावर, तिसऱ्याने उघडलेलंही नाही, आणि तिघंही तोच मजकूर वाचणार. रहस्य फोडू नये हा संकेत रहस्यकथेत आधीपासून होताच. लंडनमध्ये १९५२ पासून चालू असलेल्या 'द माउसट्रॅप' नाटकाच्या शेवटी नट प्रेक्षकांना विनंती करतात, की खुनी कोण ते बाहेर सांगू नका. लेखी गप्पांत मात्र डोळा पुढच्या ओळीवर आपोआप जातो, तिथे विनंती पुरत नाही. म्हणून शेवट सांगण्याआधी 'स्पॉइलर' असा इशारा द्यायचा आणि खाली वीस-पंचवीस ओळी रिकाम्या सोडायच्या, अशी रीत पडली. दुसरी युक्ती त्याहून सुरेख होती. रोमन लिपीतलं प्रत्येक अक्षर तेरा जागा पुढे सरकवायचं. मजकूर निरर्थक दिसतो. अक्षरं सव्वीसच असल्याने पुन्हा तेरा जागा सरकवली की मूळ वाक्य परत येतं. ज्याला वाचायचंय त्याने ठरवून उलगडायचं.

नंतरचं बहुतेकांना माहीत आहे. वाचनाच्या नोंदी ठेवायची संकेतस्थळं आली: २००५ मध्ये लायब्ररीथिंग, २००७ मध्ये गुडरीड्स. गुडरीड्सवर नव्या सभासदाला आपोआप मिळणाऱ्या फडताळांपैकी एक 'सध्या वाचतोय' हे आहे, आणि त्यावर आपण कितव्या पानावर आहोत तेही नोंदवता येतं.

त्याच वर्षी, सप्टेंबर २००७ मध्ये, रॉबर्ट जॉर्डन वारले. त्यांच्या 'द व्हील ऑफ टाइम' या अद्भुतकथामालेचा पहिला खंड १९९० मध्ये आला होता आणि अकराव्या खंडापर्यंत येऊन ती थांबली. वाचक पुन्हा डिकन्सच्या वाचकांसारखे १८७० च्या जागी येऊन उभे राहिले. या वेळी मात्र लेखकाने टिपणं आणि सूचना मागे ठेवल्या होत्या. त्यांवरून ब्रँडन सँडरसन यांनी आणखी तीन खंड लिहिले आणि जानेवारी २०१३ मध्ये चौदावा खंड येऊन माला पूर्ण झाली. या मालेच्या पाचव्या खंडात, १९९३ मध्ये, एक खून होतो आणि मारेकऱ्याचं नाव येत नाही. चाहत्यांनी सतरा वर्षं त्यावर खल केला. संशयितांच्या याद्या केल्या, प्रत्येकाविरुद्धचे आणि बाजूचे पुरावे पान क्रमांकांसह मांडले, जुने तर्क खोडून नवे मांडले. उत्तर २०१० च्या तेराव्या खंडात मिळालं, तेही कथेच्या ओघात नव्हे, तर मागच्या शब्दसूचीतल्या एका नोंदीत. ते नाव मी इथे लिहीत नाही. आजही कोणीतरी दुसऱ्या किंवा तिसऱ्या खंडात असेल.