मैदानातला तास अभ्यासातून वजा होतो?

"दहावी आली, आता बॅट माळ्यावर!" दादर-परळच्या घरांत हे अजून ऐकू येतं. पुरावा मात्र वेगळं सांगतो. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने 2010 मध्ये शाळेतली शारीरिक हालचाल आणि अभ्यास यांवरच्या 50 संशोधनांचा आढावा घेतला. तपासलेल्या 251 संबंधांपैकी निम्मे अनुकूल, बाकी बहुतेक परिणामशून्य, प्रतिकूल फक्त 1.5 टक्के.

म्हणून खेळल्याने गुण वाढतातच, असंही नाही. टेक्सासमध्ये 1984 च्या कायद्यापासून नापास मुलांना सामन्यांतून बाहेर ठेवतात. मग खेळाडूंचे गुण बरे दिसणारच. पण शिवाजी पार्कवरची संध्याकाळ बंद करून टक्के वाढतील, या आशेला आधार नाही. उलट आपलं बोर्ड दहावीत पात्र खेळाडूंना सवलतीचे क्रीडागुण देतं. शाळेत आधी तेवढं विचारा.