जप्त गाडी सोडवायची? अर्ज कुठे चालेल ते आधी पाहा

गुन्ह्यात मुद्देमाल म्हणून गाडी जप्त झाली की ती सोडवायला सहसा न्यायालयाचा आदेश लागतो. अर्ज अनेकदा अडतो तो चुकीच्या ठिकाणी केल्यामुळे. म्हणून आधी एफआयआर आणि जप्ती पंचनामा मिळवा आणि कलमे वाचा.

अपघात, चोरी, मारामारी अशा गुन्ह्यांत तपास सुरू असताना अर्ज त्या पोलीस ठाण्याच्या हद्दीतील प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करायचा. १ जुलै २०२४ पासून त्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची कलमे ४९७ आणि ५०३ आहेत (पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेची ४५१ आणि ४५७). खटला सत्र न्यायालयाकडे वर्ग झाला असेल, तर अर्जही तिथेच. अमली पदार्थांच्या प्रकरणात विशेष न्यायालयाकडे जावे. अशा प्रकरणातली गाडी खटला संपेपर्यंत सुटतच नाही, हा समज सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये बिश्वजित डे प्रकरणात खोडून काढला आहे.

खरी अडचण वाळू आणि लाकडाच्या गाड्यांची. वाळूची गाडी महसूल खात्याने पकडली असेल, तर जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ नुसार दंड आणि बंधपत्राचा (लेखी हमीचा) मार्ग महसूल अधिकाऱ्यांकडेच आहे. त्याच गाडीवर पोलिसांत चोरीचा गुन्हाही असेल, तर दोन्ही दारे ठोठावावी लागतात. वन कायद्यात सरकारजमा करण्याची कारवाई वन अधिकाऱ्यापुढे चालते. ती सुरू झाली की न्यायदंडाधिकाऱ्यांचे हात बरेचसे बांधले जातात.

अर्ज नोंदणीकृत मालकाने करावा. गाडी विकत घेतली पण नावावर केली नाही, अशांना इथेच घाम फुटतो. मूळ मालकालाच पुढे करणे बरे. सोबत आरसी, विमा, पीयूसी, ओळखपत्र, एफआयआर व पंचनाम्याची प्रत जोडा. कर्ज असल्यास बँकेचे पत्रही ठेवा. अपघाताच्या गुन्ह्यात विमा नसेल, तर न्यायालय वेगळे तारण मागू शकते.

न्यायालय तपास अधिकारी आणि सरकारी वकिलांचे म्हणणे मागवते. मग सुपूर्तनामा (गाडी सांभाळण्यासाठी ताब्यात घेतल्याचा लेख), बंधपत्र, फोटो, आणि ‘गाडी विकणार नाही, रंग-रूप बदलणार नाही, बोलावल्यावर हजर करीन’ अशी हमी. गाड्या ठाण्यात सडत ठेवू नयेत, पंधरा दिवस ते महिनाभरापेक्षा जास्त तर नकोच, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सुंदरभाई देसाई प्रकरणात सांगितले होते. अर्जात त्याचा उल्लेख जरूर करा. न्यायदंडाधिकाऱ्यांनी अर्ज फेटाळल्यास सत्र न्यायालयात पुनरीक्षण अर्ज (आदेश पुन्हा तपासण्याची मागणी) करता येतो.