जागेचा वास लक्षात राहतो: सुगंध नेण्यापूर्वी हे वाचा

डोळ्यांचा आणि कानांचा संदेश मेंदूत थॅलॅमसमार्गे (संदेश पुढे पाठवणारं केंद्र) पुढे जातो. वास मात्र घ्राणकंदातून (मेंदूतला वास टिपणारा भाग) थेट भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांपर्यंत पोचतो. म्हणूनच वाळ्याचा (इंदुरात आपण खसच म्हणतो) वास आला की नाव सुचण्याआधी उन्हाळा आठवतो.

याचा अर्थ असा, की पाहुण्याच्या मनात कापूर देवघराशी आणि फिनाईल दवाखान्याशी आधीच जोडलेलं असतं. मिठाईच्या दुकानात फिनाईलने पुसलेली फरशी बर्फीची चव बिघडवते. पोछा दुकान उघडण्याच्या तासभर आधी, दारं उघडी ठेवून मारावा.

सुगंधाआधी दुर्गंध काढा. उन्हाळ्यात न वापरलेल्या मोरीच्या जाळीखालचं पाणी सुकतं आणि गटाराची हवा वर येते. आठवड्यातून दोनदा तांब्याभर पाणी ओता. कुबट वासावर मोगरा मारला तर कुबट मोगराच लक्षात राहतो.

१० बाय १२ फुटांच्या खोलीला डिफ्यूझरमध्ये (चकतीने पाण्याचं धुकं करून वास पसरवणारं यंत्र) १०० मिली पाण्यात सुगंधी तेलाचे ३-४ थेंब पुरतात. २० मिनिटं चालू, मग तासभर बंद. सर्वांत जास्त चूक इथेच होते: थोड्याच वेळात आपल्या नाकाला सवय होते, वास उडाला असं वाटतं, आणि माणूस आणखी थेंब घालतो. बाहेरून आलेल्याचं मात्र डोकं धरतं. प्रमाण ठरवायचं तर १० मिनिटं बाहेर उभे राहून परत आत या. दारात जेमतेम जाणवला, तर बरोबर.

अत्तर डिफ्यूझरमध्ये घालू नका. दाट तेल चकतीवर साचून धुकं येणं थांबतं. त्यासाठी कापसाचा फाया बरा. कन्नौजचं मिट्टी अत्तर मूळ पद्धतीत भाजलेल्या मातीवरून वाफ नेऊन चंदनाच्या तेलात उतरवतात. पहिल्या पावसाची आठवण हवी असेल तर आमची पसंती यालाच. बैठकीत एकच फाया, पंख्यापासून दूर.

खसची टाटी ओली झाली की दरवळते, पण सतत ओली राहिली तर बुरशी धरते. रात्री वाळू द्या, कूलरचं पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदला.

एका जागेला एकच सुगंध ठेवा आणि निदान एक ऋतू बदलू नका, तरच ओळख बसते. घरात दमेकरी, तान्हं बाळ, मांजर किंवा पक्षी असेल तर डिफ्यूझर नकोच. खरेदीपूर्वी आम्हाला सांगा.