संदेष्ट्यांची झाडाझडती: एक जुनी ख्रिस्ती परंपरा

स्वतःला संदेष्टा म्हणवणाऱ्या किंवा डोक्यावर हात ठेवून रोग बरे करणाऱ्या पास्टरबद्दल कुणी शंका काढली, की 'हे नास्तिकांचे उद्योग' असं म्हणून विषय मिटवला जातो. पण ही शंका नास्तिकांच्या कितीतरी आधीची, खुद्द ख्रिस्ती परंपरेतली आहे.

बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या १८व्या अध्यायात सोपी कसोटी दिली आहे: संदेष्ट्यानं सांगितलेलं घडलं नाही, तर ते देवाचं बोलणं नव्हे, त्याला भिऊ नका. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू मेंढरांच्या वेषातल्या लांडग्यांपासून सावध करतो. त्याहून व्यवहारी आहे 'डिडाखे' ही पहिल्या-दुसऱ्या शतकातली छोटी नियमपुस्तिका. तेव्हा गावोगाव फिरणारे प्रेषित-संदेष्टे मंडळींच्या घरी उतरत. पुस्तिका म्हणते, पाहुणा एक दिवस राहील, गरज पडली तर दोन. तीन दिवस राहिला तर तो खोटा. निघताना भाकरीपुरतं द्यावं, पैसे मागितले तर तो खोटा. आत्म्याच्या संचारात 'मला पैसे द्या' म्हणाला तरी ऐकू नये. गरजवंतांसाठी मागत असेल तर मात्र त्याला दोष देऊ नये. इतकं बारीक लिहावं लागलं, म्हणजे फुकटखाऊ संदेष्ट्यांचा त्रास चांगलाच झाला असणार.

पुढे अनेक प्रोटेस्टंट विचारवंतांनी चमत्कारांचा काळ प्रेषितांबरोबर संपला असंच मानलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पेंटेकोस्टल लाटेनं, म्हणजे पवित्र आत्म्याच्या संचारावर आणि चमत्कारांवर भर देणाऱ्या ख्रिस्ती चळवळीनं, ते दार पुन्हा उघडलं. लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवरच्या १९०६च्या सभा प्रसिद्ध आहेत. पण पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अशी प्रार्थनेची लाट १९०५ सालीच आली होती. तिथे रोगमुक्तीचा बाजार नव्हता. तो मांडला गेला युद्धोत्तर अमेरिकेत, आधी तंबूंत आणि मग टीव्हीवर.

विल्यम नोलन या अमेरिकन सर्जननं कॅथरीन कुलमन या प्रार्थनेनं रोग बरे करणाऱ्या प्रसिद्ध अमेरिकन प्रचारिकेच्या सभेत 'बरे' झालेल्या रुग्णांचा पाठपुरावा केला आणि १९७४ साली लिहिलं, की खरोखर बरा झालेला एकही सापडला नाही. कुलमन यांना त्यानं लबाड म्हटलं नाही. त्याच्या मते त्यांची श्रद्धा खरी होती, वैद्यकीय ज्ञान नव्हतं. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो, कारण पीटर पोपॉफ या अमेरिकन टीव्ही-प्रचारकाच्या बाबतीत तो करायला जागाच उरली नाही.

पोपॉफ गर्दीतल्या अनोळखी माणसाला नाव, पत्ता, आजार सांगत असे. देव सांगतो म्हणे. १९८६ साली जादूगार जेम्स रँडी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सभागृहात रेडिओ स्कॅनर लावला. ३९.१७ मेगाहर्ट्‌झवर 'देवाचा' आवाज आला: पोपॉफच्या बायकोचा. सभेआधी ती लोकांत मिसळून माहिती काढायची, लोक प्रार्थनेची कार्डं भरून द्यायचे, आणि तेच ती नवऱ्याच्या कानातल्या यंत्रात वाचून दाखवायची. चालत आलेल्या लोकांनाही आधी चाकाच्या खुर्चीत बसवलं जाई, मग 'ऊठ, चाल'! याहून भयंकर म्हणजे भाविकांना औषधं स्टेजवर फेकायला लावलं जाई. जॉनी कार्सनच्या लोकप्रिय टीव्ही कार्यक्रमात ध्वनिमुद्रण देशभर ऐकवलं गेलं आणि १९८७ साली पोपॉफनं दिवाळं जाहीर केलं. काही वर्षांनी तो 'चमत्कारी पाण्याच्या' पुड्या घेऊन पुन्हा टीव्हीवर आला. पाणी फुकट, देणगीची विनंती मागाहून.

महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर, २०१३ साली, जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याच्या अनुसूचीत तथाकथित चमत्कार करून पैसे कमावणं आणि त्यांच्या प्रचारानं लोकांना फसवणं हा गुन्हा आहे. कायदा कुठल्याही धर्माचं नाव घेत नाही, त्यामुळे बाबा, बुवा आणि पास्टर सगळे त्याच्या कक्षेत येतात. पैशाची कसोटी मात्र डिडाखेतलीच.